वर्कस्टेशन घ्यायच्या आधी आपलीच फाईल त्याच्यावर चालवून बघा

नवीन वर्कस्टेशन, म्हणजे डिझाईन-सिम्युलेशनसारख्या जड कामाचा कॉम्प्युटर, घ्यायचं ठरलं की आपण पहिले स्पेसिफिकेशनचा कागद बघतो, कोअर किती, रॅम किती, कार्ड कुठलं, आणि आकडे मोठे दिसले की खूश. मी पण तेच केलं होतं. ३२ कोअरचं मशीन मागवलं, हौसेने रोजची कॅड असेंब्ली (बऱ्याच भागांचं जोडलेलं ३डी डिझाईन) रीबिल्डला, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून बनवायला टाकली, तर जुन्या डेस्कटॉपपेक्षा जास्त वेळ! विकणारा म्हणे सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी असेल. सॉफ्टवेअरही ठीक होतं आणि मशीनही, माझ्या कामाला ते चुकीचं होतं एवढंच.

पॅरामेट्रिक मॉडेलमध्ये, म्हणजे मापं बदलली की आकार बदलणाऱ्या डिझाईनमध्ये, फीचर एकामागून एक बनतात, खालचा एक्सट्रूड (उभारलेला ठोकळा) झाल्याशिवाय त्याच्यावरचा फिलेट (कडेची गोलाई) होणारच कसा, त्यामुळे रीबिल्ड मुख्यतः एकाच कोअरवर चालतं आणि बाकीचे नुसते बसून राहतात. त्यात भरपूर कोअरवाल्या प्रोसेसरमध्ये एकेका कोअरचा स्पीड बऱ्याचदा कमी असतो. काम नुसतं कॅडचं असेल तर थोडे पण वेगवान कोअर घ्या, विषय संपला.

म्हणून आधी दुकान नको, आत्ताचं मशीन उघडा. तुमचं सगळ्यात जड काम लावा आणि बाजूला टास्क मॅनेजर ठेवा. इथे एक गंमत आहे, १६ थ्रेडच्या (एकावेळी १६ कामं ओढणाऱ्या) प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण वापर ६ टक्केच दिसतो, आणि आपल्याला वाटतं प्रोसेसर तर रिकामाच आहे मग अडतंय कुठे. तो आकडा तिथेच चिकटून बसला असेल तर समजा एकाच कोअरवर अडलंय. रॅम काठोकाठ आणि डिस्क १०० टक्के असेल तर दुखणं वेगळं.

ते दुसरं दुखणं फायनाईट एलिमेंटवाल्यांचं, म्हणजे भागाचे बारीक तुकडे करून त्यावरचा ताण वगैरे काढणाऱ्यांचं. त्यांच्या डायरेक्ट स्पार्स सॉल्व्हरला (समीकरणं थेट सोडवणाऱ्या प्रोग्रामला) सगळं रॅममध्ये ठेवून सोडवायचं तर १० लाख डिग्री ऑफ फ्रीडमला, म्हणजे तेवढ्या अज्ञात संख्यांना, साधारण १० जीबी लागते असा ढोबळ हिशोब धरतात. तेवढी रॅम नसली की तो डिस्कवर लिहित-वाचत बसतो आणि तासाभराचं काम रात्रभर चालतं. इथे कोअर वाढवण्यापेक्षा रॅम वाढवलेली बरी. एसएसडीचाही बॉक्सवरचा स्पीड खरा धरू नका, सात हजार एमबी प्रति सेकंद लिहिलेलं असतं पण स्वस्त ड्राईव्हचं कॅश (आतली छोटी वेगवान जागा) भरलं की रायटिंग एकदम कोसळतं, आणि सॉल्व्हर तर एका दमात शेकडो जीबी लिहू शकतो.

सीएफडीवाल्यांनी, म्हणजे हवा-पाण्याच्या प्रवाहाचं सिम्युलेशन करणाऱ्यांनी, मेमरी चॅनेल (रॅम आणि प्रोसेसरमधल्या डेटाच्या वाटा) मोजा. साध्या डेस्कटॉप प्लॅटफॉर्मला दोन चॅनेल असतात, डीडीआर५-५६०० रॅम लावली तर कागदावर ८९.६ जीबी प्रति सेकंद. आठ चॅनेलवाल्या प्लॅटफॉर्मवर डीडीआर५-४८०० जरी लावली तरी ३०७ च्या आसपास. सीएफडी सॉल्व्हर बहुतेक वेळ डेटा यायची वाटच बघत असतो, म्हणून दोन चॅनेलवर १६ कोअर घेऊन शेवटच्या आठांचा फारसा उपयोग होत नाही. आणि हो, आठ चॅनेलचं मशीन घेऊन त्यात दोनच रॅमच्या स्टिक टाकून देणारे पण आहेत, कोटेशनमध्ये किती स्टिक ते लिहून घ्या.

कोअरचा मोह आवरायचा तर आमडालचा नियम आठवा, कामाचा जो भाग वाटता येत नाही तोच शेवटी वेग अडवतो. कामाचा ९० टक्के भाग वाटून करता येत असेल तर १६ कोअरवर ६.४ पट वेग मिळतो, ३२ वर ७.८, आणि कितीही कोअर ओतले तरी १० पटीच्या वर नाहीच. त्यात बऱ्याच सॉल्व्हरचं लायसन्स कोअर मोजून असतं, ते आधी बघा, नाहीतर अर्धे कोअर नुसते शोभेला.

ग्राफिक्स कार्डाबद्दल फार गैरसमज आहेत. वर्कस्टेशन कार्डाचे पैसे सर्टिफाईड ड्रायव्हर, जास्त मेमरी आणि सपोर्टचे असतात, ते महाग आहे म्हणून डबल प्रिसिजनमध्ये (६४ बिटच्या जास्त अचूक आकडेमोडीत, सिंगल म्हणजे ३२ बिट) पळेल असं नाही. आताच्या बहुतेक गेमिंग कार्डांत आणि बहुतेक वर्कस्टेशन कार्डांतही तो स्पीड सिंगल प्रिसिजनच्या १/६४ असतो. तुमचा सॉल्व्हर कुठलं प्रिसिजन वापरतो ते माहीत नसेल तर सिम्युलेशनसाठी म्हणून कार्डावर पैसे घालू नका.

आता खरी परीक्षा. डेमो मशीन मागा आणि आपली फाईल, आपलंच व्हर्जन, तीच सेटिंग घेऊन बसा. पाच मिनिटांत कुठलंही मशीन पळतं, टर्बो (थोडा वेळ वाढवलेला स्पीड) असतो ना, निदान तासभर फुल लोड द्या आणि एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा चालू स्पीड, बघत रहा. विसाव्या मिनिटाला क्लॉक घसरून खालीच राहिला तर कूलिंग कमी पडतंय. आवाजही तेव्हाच ऐका, हे खोकं दिवसभर तुमच्या पायाशी असणार आहे. डेमो द्यायला तयारच नसतील तर स्पेकवर्कस्टेशन आणि स्पेकव्ह्यूपर्फ या बेंचमार्कचे (मशीनचा वेग मोजणाऱ्या ठरावीक टेस्टचे) रिझल्ट बघा, पण त्यातले तुमच्या कामाशी जुळणारे टेस्टच, एकूण स्कोअर नाही.

पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड कंपनीच्या खास कनेक्टरचे आहेत का तेही विचारा, तसे असले तर दोन वर्षांनी मोठं कार्ड टाकताना अडता. ईसीसी, म्हणजे डेटातली चूक पकडून दुरुस्त करणारी रॅम, हवी असेल तर स्पष्ट मागा, 'डीडीआर५ मध्ये असतेच' म्हणाले तर ती चिपच्या आतली, प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवरची चूक ती पकडत नाही.

आणि मशीन घरी आलं की त्याच दिवशी तीच फाईल पुन्हा लावा, डेमोची वेळ लिहून ठेवलेली असेलच, परत करायची मुदत संपायच्या आत दोन्ही आकडे जुळवा.