बग्गीला चार्जिंगचा मीटर बसवण्याआधी

बॅटरीत किती चार्ज उरलाय ते दाखवणारा मीटर मागवण्याआधी बग्गीची सीट उचला आणि खालच्या बॅटऱ्या मोजा. रिसॉर्टमध्ये किंवा मोठ्या सोसायटीत फिरणाऱ्या गोल्फ कार्टमध्ये बहुधा सहा बॅटऱ्या सापडतील. प्रत्येकीवर पाणी घालायची तोंडं किती ते पाहा. एका तोंडाचे ढोबळमानाने २ व्होल्ट. तीन तोंडं असली तर बॅटरी ६ व्होल्टची आणि गाडी ३६ची. चार असली तर बॅटरी ८ची आणि गाडी ४८ची. १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या असल्या तरी बेरीज ४८च. हा हिशेब चुकला आणि ३६चा मीटर ४८च्या गाडीवर चढवला, तर तो कायम टाकी फुल्ल दाखवत राहील.

दुसरी खात्री बॅटरीच्या जातीची. लेड-अ‍ॅसिड असेल तर व्होल्टवर चालणारा साधा मीटर चालतो, कारण चार्ज उतरतो तसे व्होल्टही हळूहळू उतरतात. गाडीत लिथियम आयर्न फॉस्फेटचा पॅक बसवला असेल तर हा मीटर घेऊ नका. त्या पॅकचे व्होल्ट बराच काळ जवळपास एकाच जागी राहतात आणि शेवटी धाडकन खाली येतात. त्याला शंट (करंट मोजण्यासाठी वायरीच्या वाटेत बसवायची पट्टी) लावून आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा मीटर लागतो, किंवा पॅकच्या बीएमएसचा, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटचा, स्वतःचा डिस्प्ले. इथून पुढचं सगळं ४८ व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड गाडीसाठी आहे.

मीटर घेताना नुसत्या रंगीत दांड्यांचा घेऊ नका, व्होल्टचा आकडा दाखवणारा घ्या. दांडी कुठल्या व्होल्टला पडते हे कंपनी ठरवते, आकडा मात्र मल्टिमीटरशी ताडून पाहता येतो. गाडी उभी असताना ५०.९ म्हणजे पूर्ण, ४८.४ म्हणजे निम्मी, ४६.६ म्हणजे जेमतेम वीस टक्के. हे तीन आकडे कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. निम्म्यावर आली की चार्जिंगला लावायची सवय ठेवली तर बॅटऱ्या जास्त वर्षं टिकतात.

आता खरं वेळखाऊ काम. रात्रभर पूर्ण चार्ज करा, चार्जर काढा आणि गाडी काही तास तशीच उभी ठेवा. चार्जर काढल्या काढल्या दिसणारा आकडा फुगलेला असतो, त्याच्यावर जाऊ नका. मग मल्टिमीटर डीसीवर ठेवून सहाही बॅटऱ्या एकेक करून मोजा आणि आकडे लिहून ठेवा. समजा पाच बॅटऱ्या ८.४८ दाखवतायत आणि एक ८.१०. बेरीज होते ५०.५, म्हणजे मीटर बिनदिक्कत नव्वद टक्के सांगेल. ती सहावी मात्र निम्म्यावरच आहे, आणि अर्ध्या चढावर गाडी तीच बसवणार. असं दिसलं तर मीटर बाजूला ठेवून आधी त्या बॅटरीचं बघा. बरेचदा कारण तिथंच सापडतं: कुणीतरी हॉर्न नि दिवे दोनच बॅटऱ्यांवरून ओढलेले असतात, आणि त्या दोन बाकीच्यांच्या आधी म्हाताऱ्या होतात.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा फुलोरा असेल तर तो काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. कोकणात आणि गोव्यात, खाऱ्या हवेत तो असतोच. पाण्यात खायचा सोडा कालवून ब्रशने घासा, पण आधी सगळी झाकणं घट्ट आहेत ना ते बघा. सोडा आत गेला तर अ‍ॅसिडचं वाटोळं. धुऊन, वाळवून, नट आवळून वर व्हॅसलिनचा हात फिरवा. नटांसाठी आपला बारा-तेराचा पाना चालेल असं वाटतं, पण अमेरिकन गाड्यांचे नट इंचातले असतात. अर्ध्या इंचाच्या नटावर तेराचा पाना किंचित सैल बसतो आणि कडा गोल करून ठेवतो. अर्ध्या इंचाचा वेगळा आणा, आणि त्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. दोन टर्मिनलांवर आडवा पडलेला पाना वेल्डिंगच करतो.

त्याच कारणासाठी अंगठी, कडं, गळ्यातली साखळी आधी उतरवून ठेवा. चार्जिंगनंतर हायड्रोजन साचलेला असतो, तेव्हा सीट उघडी ठेवून हवा खेळू द्या आणि विडी-सिगारेट लांब. चष्मा आणि रबरी हातमोजे हवेतच. चावी बंद, रन-टो बटण (गाडी चालवायची की ओढून न्यायची ते ठरवणारं) असेल तर टोवर, आणि मग पॅकची, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या सगळ्या बॅटऱ्यांची, शेवटची निगेटिव्ह वायर सगळ्यांत आधी सोडवायची.

सामानात एक चौरस मिलिमीटरची लाल नि काळी वायर, टर्मिनलच्या मापाची थिंबलं (वायरीच्या टोकाला दाबून बसवायच्या कड्या), हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी), केबल टाय, रबरी ग्रोमेट (वायर जाते त्या भोकातलं कडं) आणि एक अँपियरचा फ्यूज. फ्यूजवर काय लिहिलंय ते वाचूनच घ्या. मोटारीच्या दुकानात मिळणारा नेहमीचा पत्तीचा फ्यूज ३२ व्होल्टसाठी असतो. इथे चार्जिंगच्या वेळी पॅक साठीच्या आसपास जातो, म्हणून ६० व्होल्ट डीसीच्या पुढचा हवा.

लाल वायर कुठून घ्यायची ते निगेटिव्ह सोडवायच्या आधीच शोधून ठेवा. मल्टिमीटरची काळी दांडी पॅकच्या शेवटच्या निगेटिव्हवर धरा, लाल दांडी चावीच्या मागच्या टोकांवर फिरवा. चावी फिरवल्यावर पूर्ण ४८-५० आणि बंद केल्यावर शून्य, असं टोक आपलं. फ्यूज त्याच्या जवळच. दिव्यांच्या १२ व्होल्टच्या कन्व्हर्टरवरून घेतलं तर मीटर जन्मभर बाराच दाखवेल. काळी वायर थेट पॅकच्या निगेटिव्हला न्या, चॅसीला नको. मोटारीसारखी इथे चॅसी अर्थ नसते.

भोक शेवटी. गोल मीटर बहुधा ५२ मिलिमीटरचे असतात, तरी हातात आलेला मोजूनच होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) आणा. डॅशबोर्डच्या मागे हात घालून आधीच्या वायरी कुठून जातात ते चाचपा, पुढून मास्किंग टेप लावा आणि ड्रिल हळू चालवा, नाहीतर प्लॅस्टिक वितळून कड फुगते. पावसाळ्यात गाडी उघड्यावर राहत असेल तर मीटरमागचं रबर नीट बसलं पाहिजे.

जोडून झाल्यावर मीटरचा आणि पॅकवर धरलेल्या मल्टिमीटरचा आकडा ताडून बघा, आणि चालवणाऱ्यांना एवढं सांगून ठेवा की चढावर आकडा दोन-तीन व्होल्टने पडला तरी घाबरायचं नाही. पाय काढून, गाडी थांबवून, थोड्या वेळाने दिसेल तोच धरायचा. मीटर चावीवर न घेता थेट पॅकवर जोडावा लागलाच, तर गाडी पावसाळाभर बंद ठेवताना त्याचा फ्यूज काढून ठेवा.