मिनिमस की सोब्रिनस? छोटं मधुपायी वटवाघूळ कसं ओळखायचं

मलाय द्वीपकल्पात, दक्षिण थायलंडमध्ये किंवा जावात केळफुलाजवळच्या मिस्ट नेटमध्ये (वटवाघळं पकडायच्या बारीक जाळ्यात) जेमतेम १५-२० ग्रॅमचं, निमुळत्या तोंडाचं वटवाघूळ अडकलं, की ते लांब जिभेचं, मध पिणारं मॅक्रोग्लॉसस हे लगेच कळतं. घोळ होतो ते मिनिमस की सोब्रिनस ही जात ठरवताना. (परवानगी, रेबीजची लस आणि हातमोजे यांशिवाय जाळ्याला हात लावायचा नाही.)

तरी आधी प्रजाती (जीनस) पक्की करा. पंखाच्या दुसऱ्या बोटाला नखी नाही, शेपूट सेंटिमीटरहून लांब आहे आणि फोरआर्म (कोपर ते मनगट) ६० मिमीच्या पुढे आहे, तर ते इओनिक्टेरिस स्पेलिआ, लांब जिभेचं दुसरं मधुपायी. नखी आहे, पण तोंड आखूड आणि कानांच्या कडा पांढुरक्या, तर सायनॉप्टेरस हे फळखाऊ वटवाघूळ. कोकणात केळफुलावर येतं ते बहुधा हेच. मॅक्रोग्लॉसस महाराष्ट्रात नाही. भारतात ईशान्येकडे सोब्रिनस मिळतं.

आता ओठ. डोकं दोन बोटांत हलकेच धरून बॅटरीचा उजेड बाजूनं टाका. समोरून टाकला तर खाच दिसतच नाही. वरच्या ओठावर मधोमध उभी खाच असेल तर मिनिमस, नसेल तर सोब्रिनस. तोंडाला पराग चिकटलेला असेल तर ओल्या कापसानं आधी पुसा, नाहीतर खाच बुजलेली राहते आणि मिनिमसचं सोब्रिनस होतं.

फोरआर्म त्यानंतर. पंख मिटवून कोपर ते मनगट व्हर्निअर कॅलिपरनं मोजा, दोनदा. मिनिमसचा साधारण ४२ मिमीपर्यंत, सोब्रिनसचा बहुधा त्याहून जास्त. सीमेवरचा आकडा आला तर त्यावर काही ठरवू नका. पिल्लू तर हमखास फसवतं, म्हणून पंख उजेडासमोर पसरून बोटांचे सांधे बघा: सांध्यापाशी पारदर्शक पट्टा दिसला तर वाढ अपुरी आहे. जागेवरून फक्त अंदाज येतो. खारफुटीत, चिपीच्या फुलांवर मिनिमस जास्त. आतल्या जंगलात, रानकेळीवर सोब्रिनस. बोर्निओत मात्र प्रश्नच नाही, तिथे सोब्रिनस नाहीच.

ओठाचा फोटो घ्या, ड्रॉपरनं साखरपाण्याचे थेंब पाजा आणि लगेच सोडा.

वर्गीकरण लिहिताना जुन्या याद्या जपून वापरा. प्राणिशास्त्रज्ञ अँडरसननं १९१२ साली लांब जिभेची ही सगळी वटवाघळं एका गटात घातली होती. पुढे डीएनएवरून इओनिक्टेरिस हे रूसेटस या फळखाऊ वटवाघळांच्या जवळचं निघालं. म्हणजे लांब जीभ वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे आली. अमेरिकेतलं ग्लॉसोफॅगा हे मधुपायी वटवाघूळ तर कुळानंच वेगळं. आणि 'मॅक्रोग्लॉसस लॅगोचिलस' असं नाव आढळलं तर मिनिमसखाली नोंदवा.