दुबईला निघताना दुसऱ्याचा डबा
बॅग स्वतः भरा. 'भाच्याला एवढा डबा द्या' म्हणणाऱ्यासमोरच झाकण उघडा, आत अमली पदार्थ दडवलेला असू शकतो. उघडू देत नसेल तर घेऊ नका, रुसला तर रुसू द्या. खान्देशी काळ्या मसाल्यात बऱ्याच घरी खसखस पडते आणि अमिरातीत खसखशीला बंदी आहे. म्हणून नेण्यापुरता मसाला तिच्याविना कुटा.

पकडलेच, तर न समजणाऱ्या कागदावर सही नको. भारतीय दूतावासाला कळवायला लगेच सांगा. घरच्यांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवावी.

तिकडे शिक्षा झालीच, तर उरलेली शिक्षा भारतात भोगता येते, कैद्यांना मायदेशी आणण्याच्या २००३ च्या कायद्याने. पण त्या देशाशी करार हवा, निकाल अंतिम हवा आणि साधारण सहा महिने तरी शिक्षा बाकी हवी. अपील चालू असेल तर अर्ज पुढे सरकत नाही. फाशीच्या कैद्याला ही सोय नाही.