बॉसच्या लढाईतलं नशीब मोजायचं कसं, आणि नवं एक्सपान्शन येईपर्यंत काय उरकायचं

ऑनलाइन खेळात बॉसची, म्हणजे मोठ्या शत्रूची, ताकद दोन टक्के उरलेली असताना वाइप झाला, म्हणजे सगळा संघ मेला, की डिस्कॉर्डच्या चॅटवर पहिलं वाक्य ठरलेलं: "नशीबच खराब." कधीकधी ते खरंही असतं. पण नशिबावर खापर फोडण्याआधी मोजून बघा, दहावीचं गणित पुरतं.

आधी लढाईत ठरलेलं काय आणि न ठरलेलं काय हे वेगळं करा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट असो की फायनल फँटसी १४, बॉस कोणता हल्ला कितव्या सेकंदाला करणार हे बहुतेक वेळा पक्कं असतं. हल्ला कुणावर पडणार, तुमचे फटके किती वेळा क्रिट होणार (जास्त जोरात बसणार), प्रॉक (नशिबाने मिळणारा जादा परिणाम) कधी लागणार आणि शेवटी लूट (बक्षिसाचं सामान) काय निघणार, हे मात्र दर वेळी बदलतं. वॉरक्राफ्टमध्ये ॲडव्हान्स्ड कॉम्बॅट लॉगिंग (लढाईची सविस्तर नोंद) चालू करा, चॅटमध्ये स्लॅश देऊन कॉम्बॅटलॉग टाइप करा आणि तीन-चार पुलांचे, म्हणजे बॉसवरच्या प्रयत्नांचे, लॉग शेजारी ठेवून वाचा. प्रत्येक पुलात त्याच सेकंदाला माणसं मरत असतील तर तिथे नशीब नाही, योजना चुकते आहे.

आता निवडीचा हिशोब. मिथिक रेडमध्ये, म्हणजे सगळ्यात अवघड सांघिक मोहिमेत, २० जण असतात. समजा बॉस दर वेळी त्यातल्या दोघांना निवडतो आणि तुमचे हीलर (जखमा भरणारे) चार आहेत. निदान एक हीलर सापडण्याची शक्यता ३७ टक्के. दोघंही हीलर असण्याची जेमतेम ३ टक्के. तीन टक्क्यांकडे कोण बघतं? पण हाच हल्ला एका लढाईत सहा वेळा होत असेल, तर कधीतरी दोन हीलर एकदम अडकण्याची शक्यता साडेसतरा टक्क्यांवर जाते. म्हणजे सरासरी सहा पुलांत एकदा हे घडतं. म्हणून योजना सरासरीवर नको, वाईटात वाईट दानावर आखा. दोन हीलर अडकले तर मोठा कूलडाऊन (बऱ्याच वेळाने एकदाच वापरता येणारं कौशल्य) कोण वापरणार, त्याचं नाव आधीच ठरवा. जागाही क्रमाने वाटा: गट एकमधला डावीकडे, गट दोनमधला उजवीकडे, दोघं एकाच गटातले निघाले तर यादीत खाली असलेला सरकणार. ऐनवेळी "तू जातो का मी?" असं विचारत बसलात तर ते तीन सेकंदच अंगाशी येतात.

क्रिटचंही तसंच. क्रिटची शक्यता ३० टक्के असेल तर सुरुवातीच्या दहा फटक्यांत तीन क्रिट अपेक्षित. तरीही एकच किंवा शून्य क्रिट लागण्याची शक्यता १५ टक्के आहे. एवढ्यावरून पुल सोडू नका. लढाईत ३०० फटके होतात तेव्हा आकडा बहुतेक वेळा ७४ ते १०६ क्रिटच्या मध्ये येतो, सुरुवातीचं नुकसान बरंचसं भरून निघतं. एका लॉगवरून गिअर (शस्त्रं-चिलखत) किंवा टॅलेंट (निवडलेली कौशल्यं) बदलू नका तेही याचसाठी. एनरेजच्या, म्हणजे वेळ संपून बॉस बेफाम होतो त्याच्या, आधी निदान दहा-पंधरा सेकंद हातचे राखा. शेवटच्या सेकंदावर बेतलेली योजना क्रिटच्या लहरीवर चालते.

ज्याला आपण नशीब म्हणतो त्यातला मोठा वाटा पिंगचा, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन यायला लागणाऱ्या वेळाचा, असतो. या दोन्ही खेळांचे सर्व्हर भारतात नाहीत, त्यामुळे लातूर-नांदेडहून खेळताना उशीर धरूनच चालावं लागतं. फायनल फँटसीत बॉसचा कास्ट बार (हल्ल्याची तयारी दाखवणारी पट्टी) संपला त्या क्षणी सर्व्हरला तुम्ही जिथे दिसलात तेच धरलं जातं. स्क्रीनवर हल्ल्याच्या वर्तुळाबाहेर दिसूनही मार बसतो तो त्यामुळे. अर्धा सेकंद आधीच निघा. वॉरक्राफ्टमध्ये स्पेल क्यू विंडो (पुढच्या कौशल्याची कळ किती आधी दाबली तरी चालते ती मुभा) मुळात ४०० मिलिसेकंद असते. पिंग २००च्या वर असेल तर ती कमी करण्याच्या फंदात पडू नका. वायफायऐवजी लॅन केबल लावा. वळवाच्या पावसात लाइट जाते तेव्हा लॅपटॉप चालू राहतो पण राउटर बंद पडतो. राउटर १२ व्होल्टचा असेल तर छोटा डीसी यूपीएस पुरतो, फक्त ॲम्पिअर ॲडॉप्टरवर बघून घ्या. युरोपातल्या गिल्डची (खेळाडूंच्या गटाची) रात्री ८ची रेड (मध्य युरोपची वेळ) आपल्याकडे हिवाळ्यात साडेबाराला आणि उन्हाळ्यात साडेअकराला सुरू होते. कॉलेज-नोकरी सांभाळून हे जमेल का, ते आधीच ठरवा.

लूट हे खरं नशीब. वस्तू पडण्याची शक्यता (ड्रॉप) १ टक्का म्हणजे बॉस शंभर वेळा मारल्यावर ती मिळतेच, हा समज चुकीचा आहे. शंभर वेळानंतरही ३७ टक्के लोक रिकाम्या हाताने असतात. निम्मी शक्यता ६९ वेळांना येते, नव्वद टक्के २३० वेळांना. वॉरक्राफ्टमधल्या लिच किंग या बॉसचा इनव्हिन्सिबल घोडा खेळाडूंच्या नोंदींनुसार साधारण १ टक्क्याने पडतो आणि प्रत्येक पात्राला आठवड्यातून एकच संधी असते. एका पात्रावर वर्षभरात शक्यता ४१ टक्के, पाच पात्रांवर ९३. चिकाटीपेक्षा पात्रं वाढवणं इथे जास्त कामाचं.

एक्सपान्शन, म्हणजे खेळाचा नवा मोठा भाग, जवळ आलं की काय आत्ता करायचं आणि काय सोडायचं ते याच हिशोबाने ठरतं. गिअरसाठी घासणं थांबवा. नव्या भागातल्या साध्या क्वेस्टचं (कामगिरीचं) सामान ते लवकरच मागे टाकतं. मुदतीच्या गोष्टी मात्र आधी. वॉरक्राफ्टमधली अहेड ऑफ द कर्व्हसारखी अचिव्हमेंट (रेडचा शेवटचा बॉस मुदतीत मारल्याची नोंद) वेळ गेली की परत मिळत नाही. मिथिक रेडमधली बॉस जेना हिच्या ग्लेशियल टाइडस्टॉर्म या माउंटचं (स्वारीचं) उदाहरण बघा: बॅटल फॉर ॲझरॉथ हे एक्सपान्शन चालू असताना ते माउंट नक्की पडायचं, पुढच्या एक्सपान्शननंतर १ टक्क्यावर आलं. जुन्या रेडचे बॉस मात्र निवांत ठेवा, लेव्हल वाढली की एकट्याने मरतात. फायनल फँटसीत एक्स्ट्रीम (अवघड) बॉसचे ९९ टोटेम (बॉस मारल्यावर मिळणाऱ्या खुणा) जमले की माउंट विकत घेता येतं, पण ती अदलाबदल बरेचदा नंतरच्या पॅचमध्ये (अपडेटमध्ये) सुरू होते. टोटेम फेकू नका.

डाउनलोडची तयारी आठवडाभर आधी करा. वॉरक्राफ्टला एसएसडीवर सुमारे १२८ जीबी जागा लागते आणि मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीत ते होत नाही. गावात फायबर नसेल तर शहरातल्या मित्राकडून गेमचं पूर्ण फोल्डर एक्स्टर्नल डिस्कवर आणा आणि बॅटलनेटमध्ये (गेम चालवायच्या ॲपमध्ये) आधीच इन्स्टॉल केलेला गेम शोधण्याचा पर्याय वापरून तो फोल्डर दाखवा. मग फक्त उरलेला पॅच उतरतो. ॲडऑन (खेळाला जोडलेले छोटे प्रोग्राम) प्रीपॅचच्या (एक्सपान्शनआधीच्या अपडेटच्या) दिवशी सगळे बंद करा आणि अपडेट आलेले तेवढेच एकेक करून चालू करा.

वॉरक्राफ्टचं द वॉर विदिन हे एक्सपान्शन सगळीकडे एकदम उघडलं तेव्हा आपल्याकडे २७ ऑगस्ट २०२४च्या पहाटेचे साडेतीन वाजले होते. २०२१मध्ये फायनल फँटसी १४च्या एंडवॉकर या एक्सपान्शनला लॉगिनच्या रांगा इतक्या लांबल्या की खेळाची कंपनी स्क्वेअर एनिक्सने काही काळ विक्रीच थांबवली. त्यामुळे पहिल्या रात्री जागायचं असेल तर तासभर आधी रांगेत लागा. नाहीतर सरळ झोपा आणि सकाळी सर्व्हर मोकळे असताना सुरू करा.