नंबर कुठून फुटला ते आधी शोधा, मग फोन बंद करा

दिवाळीत जळगावच्या सराफ बाजारात दागिना घ्या नाहीतर धुळ्याच्या आग्रा रोडवर कपडे, बिलासोबत लकी ड्रॉचं कूपन पुढे येतंच. नाव, मोबाइल, जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस, सगळं भरायचं. मग प्लॉटवाल्याचा फोन येतो, पाठोपाठ पर्सनल लोनवाल्याचा. अमेरिकेत कॅलिफोर्नियात लोकांची माहिती विकणाऱ्या कंपन्यांना सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. आपल्याकडे अशी यादीच नाही, म्हणून आलेल्या फोनचं शेपूट धरून मागे जावं लागतं.

त्यासाठी सोपी युक्ती आहे: नावात खूण ठेवा. सराफाच्या कूपनवर 'सुनील स. पाटील', कापड दुकानात 'सुनील क. पाटील', ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये 'सुनील ट. पाटील'. उद्या फोनवर कोणी 'सुनील ट. पाटील बोलताय का?' म्हणालं, की नंबर कुठून निघाला ते कळलं. हा खेळ फक्त कूपन, प्रदर्शन, सर्व्हे इथपर्यंतच. बँकेची केवायसी, सिमकार्ड, सरकारी अर्ज इथे खरं आणि पूर्ण नावच द्या.

एक वही ठेवा. तारीख, वेळ, आलेला नंबर, कंपनीचं नाव, त्यांनी घेतलेलं तुमचं नाव. फोन आपटण्याआधी एवढं विचारा: 'तुम्ही कोणत्या कंपनीतून बोलताय आणि माझा नंबर कोणी दिला?' बहुतेक जण दुसऱ्या प्रश्नालाच फोन ठेवतात. तेही लिहून ठेवा.

फोन थांबवण्यासाठी १९०९. इंग्रजीत 'स्टार्ट' लिहून, एक जागा सोडून शून्य टाका आणि १९०९ वर एसएमएस करा. सगळ्या जाहिराती बंद करण्याची नोंद होते. बँकेचे ओटीपी त्याने अडत नाहीत. तरीही फोन आला तर १९०९ वरच एसएमएसने तक्रार: मेसेजचा मजकूर किंवा फोनचा विषय, स्वल्पविराम, समोरचा नंबर, स्वल्पविराम, तारीख. सात दिवसांच्या आत करा. मुदत चुकली की तक्रार वाया जाते. नोंदणीकृत जाहिरात कंपनीचा फोन १४० ने सुरू होतो. साध्या दहा आकडी मोबाइलवरून जाहिरात करणारा मुळातच नियम मोडतोय. आणि नोंद करूनही ठरावीक एकाच कंपनीचे मेसेज येत असतील, तर कुठल्यातरी फॉर्मवर तुम्ही तिला संमती दिलेली असते. ती मागे घेतल्याशिवाय डीएनडीचा, म्हणजे १९०९ वरच्या या नोंदीचा, उपयोग नाही.

ती मागे घ्यायची लेखी. दुकानाच्या किंवा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा, ईमेल नसेल तर स्पीड पोस्टाने पत्र, पावती जपून. मजकूर साधारण असा:

'दि. ____ रोजी खरेदीच्या वेळी (बिल क्र. ____) मी दिलेलं नाव व मोबाइल नंबर जाहिरातीसाठी वापरण्याची संमती आजपासून मागे घेत आहे. माझी कोणती माहिती आपल्याकडे आहे आणि ती कोणाकोणाला दिली, हे लेखी कळवावं. हिशेबासाठी कायद्याने ठेवावी लागते तेवढी सोडून बाकी माहिती काढून टाकावी, आणि ज्यांना दिली त्यांनाही तसं कळवावं.'

'हिशेबासाठी ठेवावी लागते तेवढी सोडून' हे शब्द गाळू नका. जीएसटीची बिलं दुकानदाराला काही वर्षं ठेवावीच लागतात, बँकेला केवायसीचे कागदही. 'सगळं पुसा' म्हटलं की त्यांना सरळ 'जमणार नाही' असं उत्तर देता येतं आणि मूळ मागणी बाजूला पडते.

उत्तर आलं नाही तर? इथे बरेच जण चुकीच्या दारात जातात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. पण माहिती मागण्याचा, दुरुस्त करण्याचा, पुसून घेण्याचा हक्क देणारी कलमं १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. त्यात दंड २५० कोटींपर्यंत आहे खरा, पण तो सरकारजमा होतो. ज्याचा नंबर विकला त्याच्या हातात एक रुपया येत नाही. ही त्या कायद्यातली मोठी उणीव. चांगली गोष्ट अशी, की तो लागू झाल्यावर संमतीची सूचना मराठीतून मागता येईल.

आज हाताशी आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला देणं ही त्यात अनुचित व्यापार प्रथा आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे निभलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी मुंबईची असली तरी तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. अट एकच: तुम्ही 'ग्राहक' असायला हवं. प्रदर्शनात फुकटचं कूपन भरलं आणि काही घेतलंच नाही, तर हा दरवाजा बंद. म्हणून बिल फेकू नका. वही, स्क्रीनशॉट, पत्राची पावती आणि नावातली खूण एकत्र लावली की प्रकरण उभं राहतं. एकट्या खुणेवर नाही. बिलिंगसाठी मोबाइल नंबरची सक्ती करू नये, असं ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलंय. काउंटरवर 'नंबर देणार नाही, बिल करा' म्हणायला लाजू नका.

झेरॉक्सच्या दुकानात मात्र आपणच हातानं आपली माहिती देतो. अर्जांच्या गर्दीत आधारची पीडीएफ दुकानदाराच्या व्हॉट्सअॅपवर टाकायची आणि पासवर्डही मोठ्याने सांगायचा: नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. ती फाइल त्या कॉम्प्युटरच्या डाउनलोडमध्ये राहते. प्रिंट निघाली की समोर उभं राहून डिलीट करायला लावा, रिसायकल बिनमधूनसुद्धा. चालत असेल तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. प्रतीवर पेनाने आडवं लिहा: 'फक्त अमुक कामासाठी, दि. ____'. अक्षरं छायाचित्रावरून जाऊ देऊ नका, नाहीतर अर्ज परत येतो. आधारच्या अधिकृत अॅपमध्ये बायोमेट्रिक लॉक ठेवा, म्हणजे तुमचा अंगठा परस्पर वापरता येत नाही. रेशन दुकानात अंगठा लावायच्या आधी तेवढ्यापुरतं उघडा, नाहीतर मशीन अंगठा नाकारतं आणि मागची रांग ओरडते.

लोनच्या अॅपने कॉन्टॅक्ट, गॅलरी किंवा कॉल लॉग मागितले तर तिथेच थांबा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत त्याला मनाईच आहे. परवानगी आधीच देऊन बसला असाल तर आधी फोनच्या सेटिंगमधून ती काढा, मगच अॅप उडवा. नातेवाइकांना धमक्यांचे फोन सुरू झाले असतील तर १९३० ही सायबर हेल्पलाइन किंवा सायबर पोलीस. तिथे जाताना ती वही सोबत न्या.