रोशा गवत कापण्याआधी तुरा चोळून पाहा

नवरात्र सरलं की सातपुड्याच्या उतारांवर रोशा गवताचे तुरे डोलू लागतात. आपल्याकडे यालाच तिखाडी म्हणतात. हे सुगंधी गवत भट्टीवर वाफेने शिजवून त्याचं तेल काढतात. एके काळी निमाड-खानदेशातल्या भट्ट्यांचं हे तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानात जाई आणि तिथे गुलाबाच्या तेलात मिसळलं जाई. आजही त्याचा भाव ठरतो तो तेलात जिरॅनिऑल, म्हणजे गुलाबासारखा वास देणारं द्रव्य, किती आहे यावर.

इथेच बहुतेकांचा घात होतो. रानातला रोशा दोन जातींचा असतो, मोतिया आणि सोफिया. दिसायला दोन्ही इतके सारखे की जाणता माणूसही नुसत्या नजरेने फसतो. मोतियाच्या तेलात साधारण ७५ ते ९० टक्के जिरॅनिऑल असतं. सोफियात ते बरंच कमी, आणि वर लिमोनिन, पेरिलिल अल्कोहोल अशी वेगळीच द्रव्यं असतात. म्हणून सोफियाचं तेल स्वस्तात जातं. चार भारे सोफिया मोतियाच्या डेगेत (तेल काढायच्या हंड्यात) पडला, तर त्यातल्या अख्ख्या तेलाचा वास बदलतो आणि तो मागाहून काढता येत नाही.

तेव्हा विळा लावण्याआधी ठोंबाठोंबाशी थांबा. एक तुरा तोडा, तळहातावर जोरात चोळा, क्षणभर थांबून हुंगा. गुलाबासारखा गोड, मऊ वास आला तर मोतिया. आल्यासारखा उग्र, नाकात चढणारा वास आला तर सोफिया. पाच-सहा ठोंब हुंगले की नाक थकतं; जरा मोकळ्या हवेत जाऊन या. जागाही थोडी साथ देते. मोतिया सहसा उघड्या, कोरड्या उतारावर विरळ असतो, सोफिया सखल, ओलसर जागी दाट माजतो. पण शेवटचा निवाडा नाकाचाच. ओळखलेल्या ठोंबांना रंगीत चिंध्या बांधा म्हणजे कापणाऱ्या बायामाणसांचा गोंधळ होणार नाही.

कापणीची घाई करू नका. कोवळ्या तुऱ्यात जिरॅनिल अ‍ॅसिटेट जास्त असतं. तुरा पक्व होत जातो तसं त्याचं जिरॅनिऑल बनतं. फुलोरा पूर्ण उमलून दाणा धरू लागला की कापा. तेल मुख्यतः तुऱ्यात आणि पानांत असतं, जाड दांड्यात फारसं नसतं. कापलेल्या पेंढ्या सावलीत पसरून सुकवा. ढीग मारला की आतून तापतो आणि कुबट वास धरतो.

भट्टीवर आधी सोफिया काढला असेल तर डेग आणि नळी धुऊन, नुसत्या पाण्याची वाफ सोडून मगच मोतिया भरा. गवत तळाला टेकू देऊ नका, मध्ये जाळी ठेवा. करपलेला वास तेलाला कायमचा चिकटतो.

ज्यांना पुढच्या जून-जुलैत लागवड करायची आहे, त्यांनी रानातलं सरमिसळ बी आणू नये. लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेच्या तृष्णा, तृप्ता, वैष्णवी या मोतियाच्या सुधारित जाती आहेत. त्यांचंच खात्रीचं बी घ्या. जंगलातून कापणार असाल तर ग्रामसभेला विचारा, आणि काही ठोंब बियांसाठी उभे राहू द्या.

तेलातलं पाणी पूर्ण निथळलं की गाळून स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात काठोकाठ भरा, अंधारात ठेवा, आणि बुचावर जात, जागा व तारीख लिहा.