पीडितांसाठीच्या सेवा तपासायला जिल्ह्यात उतरण्याआधी

आधी एका कोऱ्या कागदावर मदत मागायला निघालेल्या माणसाची वाट काढा: पोलीस ठाणं, सरकारी दवाखाना, सखी वन स्टॉप सेंटर (अत्याचारग्रस्त महिलांना एकाच छताखाली मदत देणारं सरकारी केंद्र), जिल्हा विधी सेवा प्राधिकरण (मोफत कायदेशीर मदत देणारी यंत्रणा), कोर्ट. गुन्हा ॲट्रॉसिटीचा असेल तर समाजकल्याण कार्यालय आणि अशा प्रकरणांचा आढावा घेणारी जिल्हा दक्षता समिती हा फाटाही जोडा. तो हमखास राहून जातो. प्रत्येक ठिकाणी कोणता कागद होतो, कोणत्या रजिस्टरला चढतो आणि पुढच्या टेबलावर कोण नेऊन देतं, हे शेजारी लिहा. पीडित म्हणजे फक्त बाई असं धरून चालू नका. खून झालेल्याचे वारसही कायद्याने पीडितच आहेत, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 396 खालची भरपाई त्यांनाही मागता येते. तुमचा अभ्यास फक्त महिलांसाठीच्या सेवांचा असेल तर तसं पहिल्या पानावर स्पष्ट लिहा.

माहिती अधिकाराचे अर्ज गावोगाव फिरण्याआधीच टाका, कारण उत्तराला 30 दिवस धरावे लागतात. नावं मागू नका, तारखा मागा. बलात्कार, ॲसिड हल्ला अशा गुन्ह्यांतल्या पीडितांना पैशांची मदत देणारी राज्याची मनोधैर्य योजना 2013 पासून आहे आणि 2017 मध्ये मदतीची कमाल मर्यादा 10 लाखांवर गेली, हे कोणीही सांगेल. पण फिर्याद कधी झाली, प्रस्ताव विधी सेवा प्राधिकरणाकडे कधी पोहोचला, मंजुरी कधी मिळाली आणि खात्यात पैसे कधी आले, या चार तारखा शेजारीशेजारी मांडल्या की गाडी कुठे अडते ते आपोआप दिसतं. इथे सरासरी काढू नका, मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढा. दोन-तीन जुनी रखडलेली प्रकरणं सरासरीला भलतीकडे ओढून नेतात.

आता मुलाखतीची प्रश्नावली, आणि इथे घाई नको. घडलेल्या प्रसंगाबद्दल एकही प्रश्न ठेवू नका. आपण अभ्यासतोय सेवा, गुन्हा नव्हे, हे एक कारण झालं. दुसरं व्यवहाराचं आहे. खटला चालू असताना मुलाखत देणाऱ्या बाईने तुमच्यापुढे काही वेगळ्या क्रमाने सांगितलं आणि तुमचं रेकॉर्डिंग उद्या कोर्टाने मागवलं, तर बचाव पक्षाचा वकील तीच विसंगती उलटतपासणीत तिच्यापुढे धरेल. म्हणून सुरुवात फिर्याद नोंदवून ती ठाण्याबाहेर आली तिथून करा. एफआयआरची प्रत फुकट मिळाली का? इथून पुढे कुठे जायचं हे कोणी सांगितलं? तारखेला जायला एसटीचे किती लागले, मजुरीचा रोज किती बुडाला? ॲट्रॉसिटीच्या प्रकरणात पीडित आणि साक्षीदारांना प्रवासखर्च आणि भत्ता देण्याची तरतूद 1995 च्या नियमांतच आहे. तो मिळाला का, हे जरूर विचारा. ‘सेवेबद्दल समाधानी आहात का?’ हा प्रश्न मात्र खोडाच. केंद्रातल्या ज्या ताईंनी आधार दिला त्यांच्या नोकरीवर गदा येईल असं वाटलं की कोणीही ‘हो, छान आहेत’ म्हणणारच.

संमतीपत्राच्या शीर्षकात ‘अत्याचार’ किंवा ‘पीडित’ हे शब्द नकोत. तो कागद घरी जातो, उशीखाली सापडतो, शेजारीण वाचते. ‘सरकारी सेवांचा अभ्यास’ एवढं शीर्षक पुरे. बाकीचं तोंडी, सावकाश समजावून सांगा. प्रत न्यायची नसेल तर तिला आग्रह करू नका. फोन नवऱ्याने किंवा सासूने उचलला तर काय बोलायचं, हे मुलाखती घेणाऱ्या तुमच्या चमूतल्या मुलामुलींकडून आधीच पाठ करून घ्या. पोक्सोचा (बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याचा) विषय निघण्याची शक्यता असेल तर आणखी एक: कलम 19 प्रमाणे असा गुन्हा कळला की कळवणं कोणालाही बंधनकारक आहे, म्हणजे तुम्हालाही. ‘सगळं गुप्त राहील’ असं आधी सांगून मग पोलिसांकडे जायचं, हा विश्वासघात ठरतो. ही मर्यादा बोलणं सुरू होण्याआधीच सांगा.

मुलाखत सखी केंद्रात घेऊ नका, गावातही नको. बस थांबते अशा तिसऱ्या ठिकाणी घ्या. गाडीभाडं आणि बुडालेला रोज आल्याआल्या हातात ठेवा, म्हणजे मध्येच उठून जायला संकोच वाटत नाही. सोबत लहान मूल असणार हे धरून त्याला सांभाळायला एक माणूस वेगळा ठेवा. त्याचा खर्च अंदाजपत्रकात न धरल्याने मुलाखती अर्ध्यावर सुटतात.

केंद्राने दिलेल्या यादीवरूनच माणसं निवडली तर चित्र गोडच दिसणार, कारण यादीत पोहोचलेलेच असतात. न पोहोचलेल्यांसाठी आशाताई, अंगणवाडी सेविका, वकील आणि दवाखान्यातल्या परिचारिकांशी बोला, पण ‘तुमच्या गावात असं कोणाबरोबर झालंय का’ असं कधीही विचारू नका. ‘असं झालं तर इथली बाई पहिल्यांदा कोणाकडे जाईल?’ असं विचारा. 181 या महिला हेल्पलाईनवर रात्री आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः फोन लावून पाहा, आपण कोण आणि कशासाठी फोन करतोय ते लगेच सांगा, आणि फोन दोन मिनिटांत ठेवा. ती लाईन कोणाला तरी खरोखर हवी असते.

अहवालात वय, गाव आणि गुन्ह्याचा प्रकार एकत्र छापू नका. तालुक्यात तीनच प्रकरणं असतील तर नाव न लिहिताही माणूस ओळखू येतो, आणि लैंगिक गुन्ह्यात ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली स्वतंत्र गुन्हा आहे. मसुदा छपाईला जाण्याआधी केंद्रातल्या समुपदेशकांना एकदा वाचून दाखवा. त्यांचा पगार वेळेवर होतो का, रात्रपाळीला सोबत असते का, हे दोन प्रश्न त्यांना त्याच बैठकीत विचारून घ्या.